हवामान-परिषदांनीं काय साधलें?

दरवर्षीं नोव्हेंबर महिना उजाडला कीं वर्तमानपत्रांतून एखाद्या दूरच्या शहराचें नांव झळकूं लागतें. कधीं तें ग्लासगो असतें, कधीं दुबई, कधीं बाकू. २०२५ सालीं तें ब्राझीलमधील बेलेम होतें. जवळजवळ दोनशें देशांचे प्रतिनिधि तेथें जमतात, दोन आठवडे वाटाघाटी चालतात, ठरलेल्या दिवशीं परिषद सहसा संपत नाहीं, शेवटची रात्र सर्वजण जागून काढतात, आणि अखेर अध्यक्ष हातोडा आपटून मसुदा संमत झाल्याचें जाहीर करतात. टाळ्या पडतात. लागलीच कोणी म्हणतें कीं हा ऐतिहासिक विजय झाला. कोणी म्हणतें कीं ही जगाची फसवणूक झाली. आणि पुढच्या पावसाळ्यांत दादर-परळकडील रहिवासी गुडघाभर पाण्यांतून वाट काढीत असतां सहजच विचारतो, ‘एवढ्या परिषदा भरल्या, त्यांतून पदरांत काय पडलें?’

प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येण्यासारखें नसलें, तरी तें धूसर ठेवण्याचेंहि कारण नाहीं. कारण या व्यवहारांतील बऱ्याचशा गोष्टी मोजतां येतात.

या परिषदांचें मूळ १९९२ सालच्या रिओ दि जानेरो येथील बैठकींत आहे. कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायु यांच्या ज्वलनानें हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजेच कर्बवायु, वाढत आहे आणि त्याच्या आवरणामुळें पृथ्वीवरील उष्णता अडकून राहते, ही गोष्ट तोंवर शास्त्रज्ञांनीं राजकारणी पुरुषांच्या गळीं उतरविली होती. त्या सालीं जो तहनामा झाला तो मान्य करणाऱ्या राष्ट्रांनीं वेळोवेळीं एकत्र यावें असें ठरलें. पहिली परिषद १९९५ सालीं बर्लिन येथें भरली. आठवी २००२ सालीं दिल्लीस भरली होती, ही गोष्ट आतां फारशी कोणास आठवत नाहीं. बेलेमची तिसावी.

येथें एक अडचण प्रारंभींच लक्षांत घेतली पाहिजे. या परिषदेंत मतदान होत नाहीं. मतदान कोणत्या प्रमाणानें घ्यावें यासंबंधींचा नियम पहिल्या परिषदेपासून मसुद्यांतच अडकून पडला आहे. त्यामुळें प्रत्येक महत्त्वाचा निर्णय सर्वसंमतीनें घ्यावा लागतो. गिरगांवांतील जुन्या चाळीच्या पुनर्विकासास आतां ५१ टक्के भाडेकरूंची संमति पुरते, आणि तेवढी मिळवितांनाहि चाळीच्या पुढाऱ्यांचे जोडे झिजतात. येथें तर तेल विकून श्रीमंत झालेलें राष्ट्र आणि समुद्रांत बुडत चाललेलें बेट या दोघांनींहि एकाच वाक्यास मान डोलवावयाची असते. अर्थात् जें वाक्य शेवटीं उरतें तें सर्वांत नाखूष सभासदास चालेल इतपतच असतें. २०२१ सालीं ग्लासगो येथें कोळशाचा वापर टप्प्याटप्प्यानें ‘बंद करणें’ हे शब्द शेवटच्या घटकेस भारताच्या आग्रहावरून टप्प्याटप्प्यानें ‘कमी करणें’ असे बदलण्यांत आले, आणि त्या परिषदेच्या अध्यक्षांना व्यासपीठावर अश्रु आवरेनात. भारताचें म्हणणें अगदींच गैरवाजवी नव्हतें. कोळशावर बोट ठेवावयाचें आणि श्रीमंत राष्ट्रांच्या तेलावायूविषयीं मौन पाळावयाचें, हा कोणता न्याय, असा त्याचा सवाल होता. कोळसा, तेल व वायु या तिन्ही इंधनांपासून दूर जाण्याची भाषा परिषदेच्या ठरावांत प्रथम आली ती २०२३ सालीं दुबई येथें. म्हणजे रोगाचें नांव कागदावर येण्यासच अठ्ठावीस वर्षें लागलीं. तें दूर जाणें कसें व केव्हां व्हावें, याचा आराखडा बेलेम येथें ऐंशींहून अधिक राष्ट्रांनीं मागितला. अंतिम ठरावांत तो आला नाहीं.

सर्वांना एकत्र बांधण्याचे आजवर दोन निरनिराळे प्रयत्न झाले. १९९७ सालीं जपानमधील क्योटो येथें जो करार झाला त्यांत केवळ श्रीमंत राष्ट्रांवर बंधन होतें. १९९० सालच्या मानानें त्यांनीं आपला वायु सरासरीनें सुमारें ५ टक्के कमी करावा असें ठरलें. अमेरिकेनें सही केली, परंतु तो करार कधींच कायम केला नाहीं. २००९ सालीं कोपनहेगन येथें नवा करार होईल म्हणून सर्व जग डोळे लावून बसलें होतें. तेथें जवळजवळ कांहींच हातीं लागलें नाहीं. मग २०१५ सालीं पॅरिस येथें उलट मार्ग धरण्यांत आला. उष्णतामानाची वाढ दोन अंशांच्या बरीच खालीं राखावी, जमल्यास दीड अंशावर थांबवावी, हें ध्येय सर्वांचें. परंतु त्यासाठीं काय करावयाचें तें ज्याचें त्यानें ठरवावें. शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर क्योटो येथें गुरुजींनीं निवडक विद्यार्थ्यांस गृहपाठ नेमून दिला आणि वर्गांतील सर्वांत दांडगा विद्यार्थी उठून निघून गेला. पॅरिस येथें प्रत्येकानें आपला गृहपाठ आपणच नेमून घ्यावा असें ठरलें. तो वहींत उतरविला कीं नाहीं, एवढें पाहिलें जातें. सोडविला नाहीं म्हणून छडी बसत नाहीं. अशा वर्गांत अभ्यास कितपत होईल हें कोणाहि शिक्षकास ठाऊक आहे. मात्र दर पांच वर्षांनीं वह्या सर्वांसमोर उघड्या पडतात, आणि पूर्वीं जे वर्गाबाहेर होते ते चीन व भारत यांसारखे मोठे विद्यार्थीहि आतां बाकावर बसले आहेत, हा लाभ लहान नव्हे. अमेरिकेचें येणें-जाणें चालूच आहे. ती २०२० सालीं बाहेर पडली, २०२१ सालीं परत आली, आणि २०२५ सालीं तिनें पुन्हां बाहेर पडण्याची घोषणा केली.

आतां जमाखर्च पाहूं गेल्यास खर्चाची बाजू प्रथम डोळ्यांत भरते. १९९२ सालीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारें ३५६ भाग होते. २०२४ सालीं ते ४२० च्या वर गेलेले होते. इंधनें जाळून जगांत १९९० सालीं सुमारें २,२०० कोटि टन कर्बवायु हवेंत सोडला जात असे. २०२४ सालीं हा आंकडा ३,७०० कोटींच्या वर गेला. २०२४ हेंच साल यंत्रयुगापूर्वींच्या मानानें दीड अंशाहून अधिक उष्ण ठरलेलें पहिलें साल होय. ज्या परिषदा वायु कमी करण्यासाठीं भरतात त्यांच्या काळांत तो दीडपटीहून अधिक वाढला, हें सत्य कोणत्याहि टाळ्यांच्या गजरांत लपणारें नाहीं.

परंतु वहीच्या दुसऱ्या पानावरहि कांहीं लिहिलेलें आहे. पॅरिसचा करार झाला त्या वेळीं जगाचीं धोरणें होतीं तशींच चालूं राहिलीं असतीं तर शतकाच्या अखेरीस उष्णतामान सुमारें चार अंशांनीं वाढलें असतें, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-कार्यालयाचा हिशेब आहे. त्याच कार्यालयाच्या २०२५ सालच्या अहवालाप्रमाणें प्रचलित धोरणांनीं ही वाढ २.८ अंशांपर्यंत जाईल. हा आंकडा समाधानाचा मुळींच नाहीं. परंतु चार आणि पावणेतीन यांतील अंतर म्हणजे कोट्यवधि माणसांच्या पिकापाण्याचें अंतर आहे. यावर कोणी म्हणेल कीं याचें श्रेय परिषदांना कशाला? सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या तबकड्या स्वस्त झाल्या त्या जर्मनीच्या अनुदानानें आणि चीनच्या कारखान्यांनीं. हा आक्षेप बराचसा खरा आहे. तथापि कारखानदार भांडवल घालतो तें पुढील वीस वर्षें माल खपेल या भरंवशावर, आणि दोनशें राष्ट्रांनीं एकाच दिशेनें तोंड केलें म्हणजे तो भरंवसा उत्पन्न होतो. श्रेयाचा निम्मा वांटा जरी परिषदांना दिला नाहीं, तरी तो शून्य धरणें हिशेबास धरून होणार नाहीं.

आंतरराष्ट्रीय करार मनावर घेतल्यास किती चोख काम करतो, याचा दाखला पाहण्यासाठीं परळ सोडून जाण्याची गरज नाहीं. दम्याचे रोगी जो लहानसा पंप खिशांत बाळगतात त्यांत पूर्वीं औषध फुफ्फुसांत ढकलण्यासाठीं क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचा वायु वापरीत असत. शीतकपाटांतहि हेच वायु असत. वातावरणाच्या उंच थरांतील ओझोन वायूचें छत्र ते कुरतडतात हें कळल्यावर १९८७ सालीं माँट्रियल येथें करार झाला. त्यांत गरीब राष्ट्रांना नवें तंत्र घेण्यासाठीं पैसा मिळावा असा आग्रह भारत व चीन यांनीं धरला. १९९० सालीं लंडन येथें तसा निधि ठरला, आणि मग १९९२ सालीं भारत त्या करारांत सामील झाला. २००८ सालच्या ऑगस्टपासून भारतानें या वायूंचें उत्पादन मुदतीपूर्वींच थांबविलें. केवळ दम्याच्या पंपांसाठीं आणखी कांहीं वर्षांची सवलत होती, आणि पुढें तीहि संपली. असे पंप बनविणाऱ्या प्रमुख कंपन्यांपैकीं सिप्ला, जिची कचेरी लोअर परळ येथें आहे, तिनेंहि हा बदल केला. गिरण्यांतील कापसाच्या तंतूंनीं ज्यांची छाती आयुष्यभर भरली त्या लालबागच्या वृद्ध कामगारांच्या हातांतील पंपांत औषध तेंच राहिलें आणि तें ढकलणारा वायु बदलला. माँट्रियल नांवाचें शहर त्यांतील कितीजणांस ठाऊक असेल? ओझोनचें छत्र आतां हळूहळू भरून येत आहे. नव्या वायूंपैकीं कांहीं स्वत:च पृथ्वी तापवितात असें पुढें आढळलें, तेव्हां २०१६ सालीं किगाली येथें त्यांनाहि त्याच करारांत आणून बसविलें.

हें एका बाबतींत साधलें आणि दुसऱ्या बाबतींत साधत नाहीं, याचें कारण माणसांच्या नीतिमत्तेंत शोधण्यापेक्षां वस्तूच्या स्वरूपांत शोधावें. ते वायु बनविणारे कारखाने जगांत बोटांवर मोजण्याइतके होते; त्यांस पर्याय सांपडला होता; आणि बदलाचा खर्च कोणी द्यावयाचा हें आधींच ठरलें होतें. कोळशाचें तसें नाहीं. तो घरोघरच्या दिव्यांत आहे, पंख्यांत आहे, लोकलच्या गाडींत आहे, रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या दालनांत आहे.

परिषदा मंदगतीनें चालतात याचेंहि नवल मुंबईस वाटण्याचें कारण नाहीं. पटकीसारख्या सांथी जहाजांबरोबर देशोदेशीं पसरूं नयेत म्हणून पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य-परिषद १८५१ सालीं पॅरिस येथें भरली. बारा राष्ट्रांनीं प्रत्येकीं एक वैद्य आणि एक मुत्सद्दी पाठविला. वैद्य रोगाच्या कारणांवर भांडत राहिले आणि मुत्सद्दी व्यापाराच्या नुकसानीवर. सर्वांनीं पाळावा असा पहिला करार व्हावयास १८९२ साल उजाडलें, म्हणजे एकेचाळीस वर्षें गेलीं. पुढें १८९६ सालच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला, आणि काही महिन्यांतच, १८९७ सालच्या फेब्रुवारींत, केवळ या मुंबईच्या प्लेगसाठीं व्हेनिस येथें दहावी परिषद बोलाविण्यांत आली. मुंबईहून येणारीं जहाजें, माल आणि यात्रेकरू यांवर युरोपचीं दारें बंद होण्याची धास्ती पडली. त्याच महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा केला, आणि त्या वर्षीं मुंबईहून हज यात्रेस जाणारीं जहाजें थांबविलीं.

व्हेनिसच्या त्या परिषदेनें मांडवीचा वा गिरगांवचा एकहि रोगी बरा केला नाहीं. तें काम येथेंच व्हावयाचें होतें. हाफकिन यांनीं १८९७ च्या जानेवारींत भायखळ्यास लस तयार करून प्रथम स्वत:स टोंचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या राजभवनांत आली आणि आज ती त्यांच्याच नांवानें तेथें उभी आहे. १८९८ सालीं स्थापन झालेल्या सुधारणा-मंडळानें दाट वस्तींतून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आंखल्या. हिंदु कॉलनींतील सरळ रस्त्यांवरून फिरणाऱ्यास प्लेगची आठवण होत नाहीं, परंतु त्या रस्त्यांच्या जन्मामागें ती सांथ आहे. त्या मुत्सद्द्यांनीं एवढेंच केलें कीं निष्काळजी सरकारला निष्काळजी राहणें महाग पडेल अशी परिस्थिति आणली.

फरक एकच, पण तो भारी आहे. सांथ ओसरते आणि हवा पुन्हां स्वच्छ होते. कर्बवायूचें तसें नाहीं. हवेंत गेलेला वायु शतकानुशतकें तेथेंच सांठत जातो. म्हणून आरोग्य-परिषदांस जशीं एकेचाळीस वर्षें वायां घालवितां आलीं तशीं या परिषदांस घालवितां येत नाहींत. रिओपासून बेलेमपर्यंतचीं तेहतीस वर्षें कोणी परत देणार नाहीं.

परिषदांचें खरें अपयश मात्र पैशाच्या बाबतींत आहे, आणि त्याचा अनुभव हिंदमाता येथें येतो. दादर व परळ यांच्या मधला हा भाग बशीसारखा खोलगट आहे. शहराच्या जुन्या गटारांची शक्ति ओहोटीच्या वेळीं ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याची. भरतीस तर समुद्रच दाराशीं उभा असतो. ही शक्ति दुप्पट करण्याची योजना १९९३ सालीं तयार झाली आणि कपाटांत पडली. ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्यास त्याच दिवशीं अवघा ७३, आणि मग ती योजना कपाटांतून बाहेर आली. पुढें रे रोडकडे ब्रिटानिया उदंचन केंद्र उभें राहिलें. हिंदमात्याचें पाणी नेऊन सांठविण्यासाठीं दादर येथील प्रमोद महाजन कला उद्यान आणि परळचें सेंट झेव्हियर मैदान यांच्या पोटांत प्रचंड टांक्या बांधण्यांत आल्या. भरतीच्या वेळीं पाणी तेथें कोंडून ठेवावयाचें आणि समुद्र हटला कीं सोडावयाचें, अशी ही व्यवस्था. तिचा उपयोग झाला आहे, परंतु ता. २६ मे २०२५ रोजीं पावसाळा मुंबईंत नोंदलेल्या इतिहासांत सर्वांत लवकर आला, कुलाब्याच्या वेधशाळेंतील मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा उच्चांक त्या महिन्यांत मोडला, वरळीचें आचार्य अत्रे चौक हें नवें भुयारी मेट्रो स्थानक पाण्यानें भरलें आणि हिंदमाता परिसरांतहि पुन्हां पाणी सांचलें. वर्षानुवर्षांच्या अनुभवावर बांधलेलीं गणितें बदलत्या पावसानें अशीं चुकतात.

हा खर्च कोणी द्यावयाचा? हिंदमात्याच्या टांक्या मुंबईच्या महानगरपालिकेनें आपल्या पैशानें बांधल्या. हवा बिघडविणाऱ्या श्रीमंत राष्ट्रांनीं गरीब राष्ट्रांस २०२० सालापासून दरसाल १०० अब्ज डॉलर द्यावे असें २००९ सालीं कोपनहेगन येथें ठरलें होतें. ती रक्कम प्रथम पुरी झाली २०२२ सालीं, आणि तींतहि मोठा भाग कर्जाचा. ज्यास कर्ज दिलें त्यास मदत केली असें म्हणण्याची ही रीत सावकारीच्या इतिहासांतहि जुनीच आहे. नुकसान सोसणाऱ्यांसाठीं वेगळा निधि असावा हें २०२२ सालीं इजिप्तमध्यें मान्य झालें; पुढल्या वर्षीं दुबईस त्यांत सुमारें ७० कोटि डॉलरचीं वचनें पडलीं, जी रक्कम साऱ्या जगासाठीं आहे हें ध्यानांत ठेवावें. २०२४ सालीं बाकू येथें २०३५ सालापर्यंत दरसाल ३०० अब्ज डॉलरचा आंकडा ठरला. मागणी १,३०० अब्जांची होती. हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधीनें उठून तो ठराव अमान्य असल्याचें स्पष्ट शब्दांत सांगितलें. हातोडा मात्र पडून गेलेला होता.

मग अशा परिषदा हव्यातच कशाला, असें म्हणणाऱ्यास मुंबईच्या धुराचा एक जुना प्रसंग सांगण्याजोगा आहे. गिरणगांवांतील गिरण्या एके काळीं कोळशाच्या वाफेवर चालत आणि लालबाग-परळच्या धुराड्यांचा काजळीमिश्रित धूर शहरावर पसरे. १९१२ सालीं मुंबई सरकारनें धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील केंद्रांतून घाटावरील पाण्याच्या जोरावर निर्माण झालेली वीज गिरण्यांस मिळूं लागली. पुढें भिवपुरी व भिरा येथील केंद्रें आलीं. त्यासाठीं आंतरराष्ट्रीय परिषद भरवावी लागली नाहीं, कारण धूर काढणारा आणि धूर खाणारा एकाच शहरांत राहत होते. कर्बवायु असा गांवबंद नाहीं. तो कोठेंहि सुटला तरी साऱ्या पृथ्वीवर पसरतो. त्यामुळें आपण कमी करावा आणि लाभ दुसऱ्यानें घ्यावा, ही भीति प्रत्येक राष्ट्रास वाटते. ती भीति घालविण्याचें ठिकाण परिषदेवांचून दुसरें नाहीं.

पॅरिसच्या कराराचा एक धागा मुंबईच्या महानगरपालिकेपर्यंत पोंचला आहे. जगांतील मोठ्या शहरांच्या सी-४० नांवाच्या संघाची मुंबई सभासद आहे, आणि पॅरिसचें ध्येय आपल्या शहरापुरतें कसें गांठावें याचा आराखडा या संघांतील शहरांनीं करावयाचा असतो. २०२१ सालच्या नोव्हेंबरांत ग्लासगो येथें भारतानें २०७० सालापर्यंत नक्त वायुविसर्ग शून्यावर आणण्याचें वचन दिलें. २०२२ सालच्या मार्चमध्यें मुंबईनें आपला आराखडा प्रसिद्ध केला आणि तेंच ध्येय २०५० सालीं, म्हणजे देशाच्या वीस वर्षें आधीं, गांठण्याचें जाहीर केलें. २०१९ सालच्या मानानें २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४० पर्यंत ४४ टक्के घट, असे त्याचे टप्पे आहेत.

या आराखड्यांतील आंकडे शाळेंतल्या पाटीवर मांडण्याजोगे आहेत. २०१९ सालीं मुंबईनें सुमारें २ कोटि ३४ लक्ष टन वायु सोडला. दर माणशीं १.८ टन. जगाची सरासरी याच्या तिपटीहून अधिक आहे, तेव्हां चाळींतील बिऱ्हाडानें पृथ्वी तापविली असें कोणीं म्हणूं नये. या वायूपैकीं शेंकडा ७२ च्या आसपास इमारती व उद्योग यांत खर्चिलेल्या ऊर्जेचा, मुख्यत: विजेचा, उरलेला वाहनांचा व कचऱ्याचा. आतां ३० टक्के घट म्हणजे सुमारें ७० लक्ष टन. वाहनें व कचरा मिळून होतात सुमारें ६५ लक्ष. अर्थात् मुंबईंतील सारीं वाहनें उद्यां उभीं केलीं आणि देवनारचा कचऱ्याचा डोंगर नाहींसा केला, तरी विजेस हात लावल्यावांचून पहिला टप्पा गांठतां येत नाहीं. बेस्टच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या दादरच्या रस्त्यांवर दिसतात, त्या चांगल्याच आहेत. परंतु ज्या विजेनें त्या भरतात तिचा बहुतेक भाग कोळशाचा आहे.

गिरगांवापासून दादरपर्यंत घरोघर वीज पोंचविणारी बेस्ट ती स्वत: निर्माण करीत नाहीं, विकत घेते. शहराच्या जवळ ट्रॉम्बे येथें टाटांचा आणि उत्तरेस डहाणू येथें अदानींचा कोळशाचा कारखाना आहे. हे संच बंद करण्याचा विचार झाला होता. विजेची मागणी वाढत असल्याचें कारण देऊन तो पुढें ढकलला गेला. मागणी खरोखरच वाढत आहे, आणि बाहेरून शहरांत वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत, हेंहि खोटें नाहीं. २०२० सालच्या १२ ऑक्टोबरला बाहेरच्या वाहिन्या बिघडल्या तेव्हां लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या आणि शहराचा बराच भाग कित्येक तास अंधारांत गेला होता. कोळसा सोडावयाचा तर प्रथम या वाहिन्या वाढवाव्या लागतील, सूर्याची वीज रात्रीसाठीं सांठवावी लागेल, आणि त्याचा बोजा विजेच्या बिलावर किती पडावा हें वीज नियामक आयोगापुढें ठरेल. बेलेम येथें हा प्रश्न कोणाच्या यादींत नव्हता, आणि असावयाचें कारणहि नाहीं.

पॅरिसच्या कराराप्रमाणें सर्व राष्ट्रांचा पुढील ताळेबंद २०२८ सालीं मांडला जावयाचा आहे. मुंबईचा स्वत:चा पहिला टप्पा त्यानंतर दोन वर्षांनीं, २०३० सालचा. आणि त्या सत्तर लक्ष टनांपैकीं किती कमी झाले याची विचारणा परदेशांतील कोणती सभा करणार नसून ती येथल्या कर भरणाऱ्यांनींच महानगरपालिकेच्या सभागृहांत करावयाची आहे.